कागदी गाळणी आणि कॉफीची एकसारखी चव
ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ मध्ये पितळी भांड्याच्या तळाला छिद्रे पाडून त्यावर मुलाच्या वहीतील टिपकागद, म्हणजे शाई शोषणारा कागद, अंथरला, तेव्हा कपातला गाळ व कडवटपणा टाळणे एवढाच त्यांचा हेतू होता. दर वेळी तीच चव मिळावी हा आग्रह बराच नंतरचा. तरीही त्याचा पाया याच कागदाने घातला, असे म्हणता येते, कारण पुन्हापुन्हा वापरल्या जाणाऱ्या कापडी गाळणीत जुन्या कॉफीचे तेल मुरत जाते, तर कागद प्रत्येक वेळी कोराच असतो. पण एकसारख्या चवीला नुसता कोरा कागद पुरत नाही: तो कागद ज्यात बसवतात त्या जपानी हारिओ कंपनीच्या साठ अंशांच्या शंकूला तळाशी एकच मोठे छिद्र असल्यामुळे पाणी किती वेगाने झिरपेल, हे दळलेल्या कॉफीच्या जाडसरपणावर आणि ओतणाऱ्याच्या धारेवर अवलंबून राहिले.