लष्कराच्या भाकरी

सेना संस्कृत, फौज अरबी, लष्कर फारसी. मराठीने तिन्ही शब्द घरात नांदवले. हिवरखेडजवळच्या आडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वऱ्हाडने खरीखुरी फौज पाहिली. आर्थर वेलस्लीने तेथे नागपूरकर भोसल्यांचे सैन्य मोडले. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने वर्धेपलीकडचा पश्चिम मुलूख भोसल्यांच्या हातून गेला.

आज फराळावर तुटून पडते ती नातवंडांची फौज! परक्याच्या कामात फुकट राबणारा लष्कराच्या भाकरी भाजतो. आपण हसतो. पण फौज कोणाचीही असो, तिच्या दाणावैरणीचा भार गावावरच पडे. वाचकहो, या हसऱ्या शब्दप्रयोगामागे कुणाची तरी रिती कणगी आहे, हे विसरू नये.