दंतवैद्यक आणि वैद्यक : पायाभूत विषयांच्या सामाईक शिक्षणाचा प्रश्न

रायपूर : छत्तीसगढच्या राजधानीत एमबीबीएस आणि बीडीएस या दोन्ही पदव्यांच्या शासकीय शिक्षणाची सोय आहे. पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये, तर शासकीय दंत महाविद्यालय राज्यनिर्मितीनंतर २००३ मध्ये स्थापन झाले. दोन्ही अभ्यासक्रमांचे प्रवेश 'नीट' या एकाच परीक्षेतील गुणांवर होतात. त्यामुळे दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना पायाभूत विषय एकत्र शिकवावेत का, हा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

दंत परिषदेच्या २००७ च्या नियमावलीनुसार बीडीएसच्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र, तर दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र शिकविले जाते. तिसऱ्या वर्षी सामान्य वैद्यक आणि सामान्य शल्यचिकित्सा हे विषय असतात. एमबीबीएसचा पायाही याच विषयांवर उभा आहे. मात्र तेथे प्रत्येक विषय स्वतंत्र व अधिक विस्ताराने शिकविला जातो. बीडीएसमध्ये शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र यांचा अभ्यास एकत्रित असतो.

दंतशिक्षणाच्या वेगळ्या संस्थेची परंपरा १८४० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे सुरू झाली. १८६७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने दंत महाविद्यालय काढले. तेथे दंतवैद्यकाचे विद्यार्थी आरंभीचे शिक्षण वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसोबत घेतात. महाराष्ट्रात मुंबईचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय (१९३३) आणि नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय (१९६८) ही वैद्यकीय महाविद्यालयाच्या शेजारी वाढलेल्या संस्थांची उदाहरणे होत.

या निकटतेचे महत्त्व छत्तीसगढमध्ये विशेष जाणवते. विदर्भाप्रमाणेच या राज्यातही सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. अशा रुग्णाच्या दाताचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता किंवा शस्त्रक्रियेचा ताण यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. कधी जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होऊन निरोगी दातांतही वेदना जाणवतात. रक्ताचे कार्य न समजलेला दंतवैद्य असा दात विनाकारण काढण्याची शक्यता असते.

तंबाखूचा प्रश्नही असाच आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार छत्तीसगढमधील ३९.१ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते. देशाचे प्रमाण २८.६ टक्के होते. 'गुडाखू' ही तंबाखू व गुळापासून बनविलेली लुगदी येथे दात घासण्यासाठी वापरली जाते. तिच्या व्यसनामुळे तोंडात उद्भवणारा पांढरा चट्टा पुष्कळदा प्रथम दंतवैद्याच्याच दृष्टीस पडतो. तो कर्करोगपूर्व आहे की नाही, हे ओळखण्यासाठी विकृतिशास्त्राचे ज्ञान आवश्यक असते. दुसरीकडे, तोंडाची नीट तपासणी करावयास शिकलेला एमबीबीएस डॉक्टर खेड्यातील आरोग्य केंद्रात तितकाच उपयोगी ठरतो.

सामाईक वर्गांमुळे शवविच्छेदनगृह, प्रयोगशाळा आणि अनुभवी अध्यापक यांचा उपयोग दोन्ही शाखांना होतो. तथापि अडचणीही आहेत. एमबीबीएससाठी २०१९ पासून क्षमताधारित अभ्यासक्रम लागू आहे, तर बीडीएसचा अभ्यास वर्षनिहाय चालतो. त्यामुळे वेळापत्रके जुळविणे कठीण जाते. दंतवैद्याला हातापायांच्या स्नायूंपेक्षा डोके, मान आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंचा अभ्यास अधिक खोल हवा असतो. मोठ्या सामाईक वर्गात हीच बाजू दुर्लक्षित राहण्याचा संभव असतो.

म्हणून सर्वसाधारण भाग एकत्र आणि शाखेस आवश्यक असलेला भाग स्वतंत्रपणे शिकविणे, हा मध्यममार्ग व्यवहार्य ठरतो. तोंड हा शरीराचाच भाग आहे, ही जाणीव दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांत पहिल्या वर्षापासून रुजली, तर तिचा अंतिम लाभ रुग्णालाच मिळणार आहे.