उजेड कुणाच्या वाट्याला? चित्रकार ॲना आंकरची गोष्ट

 समुद्रपूरहून आम्ही बोलतो आहोत. हातात काम असेल तर ते चालू राहू द्या, कान मात्र इकडे असू द्या.

सध्या दिवस मोठे आहेत. 21 जूनला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस असतो. त्या दिवशी आपल्या समुद्रपुरात सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत सव्वातेरा तासांहून थोडा जास्त वेळ जातो. आता मनाशीच हिशेब करा. या सव्वातेरा तासांतला किती उजेड तुमच्या स्वतःच्या वाट्याला येतो? सडा-सारवण, पाणी, स्वयंपाक, वावरातलं निंदण, लेकरं, सासू-सासरे आणि पुन्हा स्वयंपाक. उजेड सगळ्या घराचा असतो. बाईचा स्वतःचा म्हणून त्यात कितीसा उरतो?

हाच प्रश्न मनात ठेवून आज आम्ही तुम्हाला फार लांबच्या एका बाईची गोष्ट सांगणार आहोत. तिच्या गावी उन्हाळ्यातला दिवस जवळपास अठरा तासांचा असतो. ती चित्रकार होती. नाव ॲना आंकर.

आधी अठरा तासांचा दिवस कसा असतो ते समजून घेऊ. एक दिवा लावा आणि त्याच्यासमोर नारळ धरा. दिवा म्हणजे सूर्य, नारळ म्हणजे पृथ्वी. नारळाची शेंडी सरळ वर न ठेवता थोडी दिव्याकडे कलती करा आणि नारळ जागच्या जागी फिरवा. शेंडीजवळचा भाग कितीही फिरवला तरी बराच वेळ उजेडातच राहतो. पृथ्वीही अशीच कललेली आहे. जूनमध्ये तिचं उत्तरेचं टोक सूर्याकडे झुकलेलं असतं. म्हणून उत्तरेकडच्या डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे या देशांत उन्हाळ्याचे दिवस लांबत जातात. तिथे घड्याळात रात्रीचे दहा वाजून गेले तरी बाहेर दिसत असतं, आणि मध्यरात्रीही आभाळ पुरतं काळं होत नाही. याची भरपाई हिवाळ्यात होते. डिसेंबरमध्ये ॲनाच्या गावी दिवस साडेसहा तासांवर येतो. त्यामुळे तिथल्या लोकांना उन्हाळ्याच्या उजेडाचं अप्रूप आपल्याला पहिल्या पावसाचं असतं तसं.

डेन्मार्कच्या अगदी उत्तर टोकाला स्केन नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथे दोन समुद्र एकमेकांना भिडतात. आजूबाजूला पांढरी वाळू, आणि तीही अशी की वाऱ्याबरोबर सरकत येऊन घरंदारं गिळणारी. गावचं जुनं चर्च वाळूत इतकं रुतत गेलं की 1795 साली ते बंद करावं लागलं. आज त्याचा फक्त मनोरा वाळूवर दिसतो. ॲनाच्या लहानपणी गावाला बंदर नव्हतं, रेल्वेही नव्हती. माणसं होड्या ओढून वाळूवर आणत. वादळात गेलेला कर्ता माणूस परत येईल की नाही, याची वाट बायका किनाऱ्यावर उभ्या राहून पाहत. पावसाची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको.

या गावात ब्रोंडुम कुटुंबाचं किराणा दुकान आणि खानावळ होती. तिथेच 18 ऑगस्ट 1859 रोजी ॲनाचा जन्म झाला. पुढे तिच्या तरुणपणी शहरांतले चित्रकार उन्हाळ्यात स्केनला येऊ लागले. तिन्ही बाजूंना पाणी, खाली पांढरी वाळू आणि वर न मावळणारा उजेड, हे त्यांना दुसरीकडे मिळत नव्हतं. रंग भरलेल्या धातूच्या नळ्या 1841 नंतर मिळू लागल्या होत्या, त्यामुळे घराबाहेर उघड्यावर बसून चित्र काढणं सोपं झालं होतं. हे सगळे चित्रकार उतरत ब्रोंडुमच्या खानावळीत. ते मुख्यतः बाहेरचे होते. त्या गावात जन्मलेली, तिथली भाषा, तिथली माणसं, तिथलं दुःख आतून जाणणारी चित्रकार एकच, ती म्हणजे खानावळीतली ही मुलगी.

ॲनाला चित्रकलेची गोडी लागली. पण शिकायचं कुठे? राजधानी कोपनहेगनमध्ये सरकारी कला अकादमी होती, मात्र तिथे मुलींना प्रवेश नव्हता. तो 1888 साली मिळाला, तेव्हा ॲना एकोणतीस वर्षांची होती. त्याआधी मुलींनी खाजगी वर्गात शिकायचं. ॲनाच्या घरच्यांनी तिला कोपनहेगनला विल्हेल्म क्यून नावाच्या चित्रकाराच्या वर्गात पाठवलं. 1875 पासून तीन वर्षं ती तिथे शिकली.

खानावळीत उतरणाऱ्या चित्रकारांपैकी मिकाएल आंकर याच्याशी 1880 साली तिचं लग्न झालं. दिवस तिच्या एकविसाव्या वाढदिवसाचा. असं सांगतात की लग्न ठरल्यावर तिच्या गुरूने तिला सल्ला दिला, की आता रंगांची पेटी समुद्रात टाकून दे. म्हणजे संसार सुरू झाला, आता चित्रं पुरे.

मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे ना? शिवणाचं यंत्र असो, भजनाची पेटी असो, बारावीची पुस्तकं असोत, “लग्न झालं, आता काय करायचं ते?” हे कुणी ना कुणी आपल्याला ऐकवलेलंच असतं.

ॲनाने पेटी समुद्रात टाकली नाही. 1883 साली तिला मुलगी झाली, हेल्गा. त्याच वर्षी नवराबायकोने मिळून एक चित्र रंगवलं. त्यात दोघं दिवसभराचं काम समोर ठेवून पारखत बसलेली आहेत. आपण दिवसाची मजुरी मोजतो तशी ती दोघं दिवसाचं चित्र मोजत आहेत. बाई बाजूला चहा घेऊन उभी नाही, बरोबरीने बसली आहे. त्या काळात हे सोपं नव्हतं.

तिला हे जमलं कसं? तिच्या जिद्दीला आम्ही कमी लेखत नाही. पण जिद्दीबरोबर आणखी काही होतं. माहेर त्याच गावात, हाकेच्या अंतरावर होतं. तिथे लेकीला सांभाळायला आजी होती. खानावळ चालवणाऱ्या घराचा मोठा आधार होता. नवरा स्वतः चित्रकार होता आणि बायकोच्या कामाला काम मानणारा होता. एवढे हात मागे होते, म्हणून तिच्या हातात ब्रश राहिला.

आता तिने काय रंगवलं ते पाहू. मिकाएल आणि इतर पुरुष चित्रकार समुद्र, वादळ, होड्या, दणकट कोळी यांची मोठमोठी चित्रं काढत. ॲना बहुतेक वेळा घरात बसून रंगवायची. समुद्राकाठच्या गावात राहून तिने समुद्र फार थोडा रंगवला. तिने रंगवली खिडकीतून आत येणारी उन्हाची तिरीप.

‘स्वयंपाकघरातली मोलकरीण’ हे तिचं चित्र 1883 ते 1886 या काळातलं. लाल घागऱ्यातली एक बाई आपल्याकडे पाठ करून काम करते आहे. खिडकीवर पिवळा पडदा आहे आणि त्यातून गाळून आलेलं ऊन सगळ्या खोलीत पसरलं आहे. त्या बाईच्या अंगावर दागिना नाही, तिचं तोंडही दिसत नाही. तरी चित्र पाहणारा तिच्यापुढे थांबतो. तोपर्यंत राण्या आणि देवी यांच्याभोवती जे तेज रंगवत, ते ॲनाने भांडी घासण्याच्या जागेला दिलं.

‘निळ्या खोलीतलं ऊन’ हे 1891 चं चित्र तिचं सगळ्यात प्रसिद्ध. आजीच्या निळ्या खोलीत सात-आठ वर्षांची हेल्गा सुईने विणत बसली आहे. भिंतीवर खिडकीच्या आकाराचा उन्हाचा तुकडा पडला आहे. चित्रात दुसरं काहीच घडत नाही. दुपारी घरात क्षणभर सगळं शांत होतं, तेवढाच तो क्षण. आपल्याही भिंतीवर तो उन्हाचा तुकडा रोज पडतो. आपण त्याच्याकडे पाहून वेळ ओळखतो आणि कामाला लागतो.

तिने एका आंधळ्या म्हातारीला तिच्या खोलीत बसलेलं रंगवलं. खोलीत ऊन आहे, पण ते तिला दिसत नाही. 1899 साली तिने लेकरांना लस टोचण्याचं चित्र काढलं. अंगावरची पोरं घेऊन आया जमल्या आहेत. अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी आपण जशा बसतो, अगदी तशा. 1905 सालच्या एका चित्रात पिकलेल्या शेतातून कापणीला निघालेली माणसं आहेत.

स्केनचं सगळ्या जगाला माहीत असलेलं चित्र मात्र ॲनाचं नाही. ते पेडर सेवेरिन क्रोयर या चित्रकाराचं, 1893 सालचं. उन्हाळ्याची संध्याकाळ, निळा समुद्र, निळी वाळू, आणि पांढऱ्या पोशाखात दोन बायका हातात हात घालून किनाऱ्याने चालल्या आहेत. पाहणाऱ्याला वाटतं, सुखवस्तू घरच्या बायका फिरायला निघाल्या असतील. पण त्यातली एक ॲना आहे आणि दुसरी क्रोयरची बायको मारी. मारीसुद्धा चित्रकार होती, पॅरिसला जाऊन शिकून आली होती. दोन्ही बायका रंगवणाऱ्या, आणि चित्रात दोघींच्याही हातात ब्रश नाही.

मारीची गोष्ट वेगळी झाली. नवरा फार नावाजलेला होता. पुढे त्याला मानसिक आजार झाला आणि घराचा भार तिच्यावर आला. तिचं चित्र काढणं हळूहळू सुटलं. पुढे तिने घरांची आणि आतल्या सामानाची सुंदर रचना केली, तिच्यातली कला मेली नाही. पण कॅनव्हासवरची चित्रं मागे राहिली. गाव एकच, अठरा तासांचा उजेडही एकच. एकीच्या मागे हात होते, दुसरीला स्वतःच हात व्हावं लागलं.

कुणी म्हणेल, हे परदेशातलं झालं. तर आता आपल्याकडे या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले नामवंत चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांची मुलगी अंबिका 1912 साली जन्मली. तिने त्याच शाळेत शिकून 1931 साली चित्रकलेची पदविका मिळवली. वडिलांनी तिला शिकवलं, कामासाठीच्या दौऱ्यांत बरोबर नेलं. तिनेही पुढे आपल्या आठवणी लिहिल्या. इथेही घरचा हात मागे होता.

पालघरकडच्या वारली बायकांचं बघा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिणं हा मूळचा सवाशिणींचा मान. ही कला कागदावर उतरली आणि बाजारात गेली, तेव्हा नावं मात्र बहुतेक पुरुषांची झाली. भिंतीवर लिहिणाऱ्या बाईने कधी खाली सही केलीच नव्हती.

आणि आपल्याच जिल्ह्यातलं सेवाग्राम. बापूकुटी आपल्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिली आहे. ती कुटी आधी मीराबेनसाठी बांधली होती. तिथल्या मातीच्या भिंतीवर झाडं आणि चरखा उठावात कोरलेला आहे, तो मीराबेनच्या हातचा. पुढच्या वेळी गेलात तर बापूंची बैठक पाहाच, पण भिंतीपुढेही दोन मिनिटं थांबा.

ॲना 1935 साली वारली. तोवर तिला देशाचा मान मिळाला होता. तिची मुलगी हेल्गाही चित्रकार झाली. हेल्गाच्या मृत्यूनंतर 1967 साली त्यांचं राहतं घर संग्रहालय म्हणून उघडलं. 1998 साली डेन्मार्कने हजार क्रोनची नोट काढली, तेव्हा तिच्यावर ॲना आणि मिकाएल या दोघांचे चेहरे शेजारी शेजारी छापले. ज्या बाईला पेटी समुद्रात टाकायला सांगितलं होतं, ती देशाच्या नोटेवर आली.

मैत्रिणींनो, आपण सगळ्या चित्रकार होणार नाही, व्हायलाच पाहिजे असंही नाही. पण प्रत्येकीकडे एखादी पेटी असते. कुणाची रांगोळी, कुणाचं शिवण, कुणाचं गाणं, कुणाचं वाचन. दिवस कितीही लांबला तरी तो आपोआप बाईचा होत नाही. कामं त्याच्या मागोमाग लांबतात. बाईला वेळ मिळायचा तर कुणाला तरी तिच्या हातातलं काम घ्यावं लागतं.

म्हणून एक सुचवतो. गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की उजेडाचाही हिशेब करा. सकाळपासून सांजेपर्यंत कोणत्या घटकेला कोण काय करतं, ते मांडा. त्यात आपला अर्धा तास कुठे बसतो ते शोधा. आणि तेवढा वेळ शेजारणीचं लेकरू कोण पाहील, नवरा-मुलगा कोणतं काम उचलेल, तेही तिथेच ठरवा. घरात शिकणारी, काढणारी, गाणारी सून किंवा लेक असेल तर तिच्या मागचा हात आपण व्हा. ॲनाची आई झाली तशी.

आज इथेच थांबतो. तुमच्या पेटीत काय आहे ते आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.