वॉर्साचा जीर्णोद्धार

वॉर्साच्या ज्या 'जुन्या' चौकात आम्ही सकाळच्या उन्हात उभे होतो, त्याचे वय आमच्याच मंडळीतील कित्येक वृद्धांहून कमी आहे, हे वाटाड्याने सांगितले तेव्हा आम्ही चकित झालो. १ ऑगस्ट १९४४ रोजी या नगराने जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस टिकला. उठावाच्या धुमश्चक्रीत, आणि तो मोडल्यावर सूड म्हणून घरामागून घर जाळून व सुरुंग लावून, १९४५ च्या जानेवारीपर्यंत शहराच्या ऐतिहासिक गाभ्याचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग धुळीस मिळविण्यात आला.

मग ही रंगीत घरे पुन्हा कशाच्या आधारे उभी राहिली? अठराव्या शतकात राजा स्तानिस्वाव ऑगुस्त याच्या दरबारी बर्नार्डो बेल्लोत्तो नावाचा व्हेनिसचा चित्रकार होता. त्याने येथील रस्ते व वाडे बारकाईने रंगवून ठेविले होते. शिवाय तंत्रविद्यालयातील अध्यापक व विद्यार्थी यांनी इमारतींची मापे घेऊन केलेले नकाशे युद्धकाळात लपवून राखले गेले. चौक १९५३ त सिद्ध झाला. राजवाड्याचा निर्णय मात्र १९७१ साली झाला. तो लोकांच्या वर्गणीतून उभा राहिला व १९८४ त खुला झाला. तत्पूर्वीच, १९८० साली, जुन्या नगरास युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले होते.

याला कोणी नक्कल म्हणेल. प्रथम आम्हांलाही तसेच वाटले. परंतु जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुना लाकडी सभामंडप, माप न घेता, साधे छायाचित्रही न काढता उतरविला जातो आणि त्या जागी सिमेंटचे खांब व चकचकीत फरशी येते, हे आपल्याकडे पाहिलेल्या डोळ्यांना ती नक्कल फार आदरणीय वाटली.

दुपारी आम्ही 'बार म्लेच्नी'त जेवलो. 'बार' शब्दाने वाचकांनी दचकू नये. हे दुधाचे उपाहारगृह, पीठ व दूधदुभते यांच्या स्वस्त पदार्थांचे. 'पिएरोगी' म्हणजे पाण्यात उकडलेली नेवरीच म्हणावी. आत बटाटा व ताजे पनीर, वर परतलेला कांदा. त्यावर कित्येकदा डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडेही घालतात, तेव्हा शाकाहारी माणसाने आधी विचारावे. राय धान्याचे पीठ आंबवून केलेल्या 'झुरेक' साराने आंबिलीची आठवण झाली. पण त्यात मांस असल्याने आम्ही वासावरच समाधान मानले.

सायंकाळी मोंते कास्सिनोच्या युद्धस्मारकाजवळ कोल्हापूरची आठवण सांगणारी एक शिळा पाहिली. १९४० व १९४१ साली सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्यांपैकी काही कुटुंबे इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले. वॉर्सा पुन्हा उभे राहिले, पण यांची गावे युद्धानंतर सीमेपलीकडे गेली होती. छावणी मोडल्यावर कित्येक जण मायदेशी न जाता इंग्लंडादी परक्या देशांत पांगले. आमच्यातील एक कोल्हापूरकर काकू त्या शिळेपाशी बराच वेळ उभ्या होत्या. बस थांबवून त्यांना बोलवावे लागले.