शिखरापासून आरंभ

इमारतीचें काम पायापासून सुरू करावें, हा जगाचा व्यवहार आहे. जो शिखरापासून सुरुवात करूं म्हणेल, त्यास आपण वेड्यांत काढूं. परंतु छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) जिल्ह्यांतील वेरूळच्या डोंगरांत हेंच वेड इसवी सनाच्या आठव्या शतकांत, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं आकारास आलें. त्यालाच आपण कैलास म्हणतों.

या उलट्या क्रमाचें कारण कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरु’ ग्रंथांत मोठ्या गोड रीतीनें आलें आहे. राजा दुखण्यांतून उठल्यास मी देऊळ बांधीन आणि त्याचें शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाहीं, असा नवस राणीनें केला होता. राजा बरा झाला. परंतु शिखर दिसण्यास कित्येक महिने लागतील, असें कारागिरांनीं सांगितलें. तेव्हां पैठणचा कोकस पुढें आला आणि त्यानें डोंगराच्या माथ्यापासूनच काम आरंभून राणीचा उपास सोडविला. कथा रम्य आहे. तथापि या क्रमांत राणीच्या प्राणांप्रमाणें पाथरवटांच्या प्राणांचाहि विचार सांठवलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

दख्खनचा काळा पाषाण दिसावयास अभेद्य; परंतु तो लाव्ह्याच्या थरांवर थर सांचून बनलेला आहे. दोन थरांमध्यें कोठें नरम पट्टा असतो, कोठें उभी भेग असते, कोठें पाणी पाझरतें. अशा खडकाखालीं उभें राहून डोक्यावरचा भाग फोडूं लागल्यास कोणती शिळा केव्हां सुटेल, याचा भरंवसा नाहीं. कैलासाच्या कर्त्यांनीं डोंगरांत वरून तीन बाजूंनीं चर खणून मधला प्रचंड खडक मोकळा केला आणि मग तो माथ्यापासून खालीं घडवीत नेला. हें अंगण सुमारें २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद असून मागील कडा सुमारें १०७ फूट उंच आहे. इतक्या उंचीचें देऊळ खालून वर बांधावयाचें तर परांची उभारावी लागती आणि जड शिळा वर चढवाव्या लागत्या. येथें खडक हीच परांची झाली. घडविणाऱ्याच्या पायांखालीं अखंड डोंगर होता आणि घडवून झालेला भाग त्याच्या डोक्यावर लोंबकळत नव्हता.

अजिंठ्याचीं लेणीं आडवीं कोरलेलीं. तेथें डोक्यावर डोंगर असणारच. पण तेथेंहि विचार तोच दिसतो. २४ व्या लेण्याचें काम अपुरें राहिल्यामुळें त्याची रीत आज उघडी पडली आहे: खडकांत लांब बोळ पाडावयाचे, मधल्या भिंती तूर्त तशाच ठेवावयाच्या आणि त्या मागाहून फोडावयाच्या. छताचें काम आधीं उरके, जमीन शेवटीं. छताचा दोष असा आरंभींच दिसे.

यावरून प्राचीनांस सर्व कांहीं साधलें होतें, असें कोणी समजूं नये. कैलासाच्या उंच कड्यालगत काम करणाऱ्यास वरून निसटणाऱ्या दगडाचें भय होतेंच. देवळापासून बाजूच्या दालनांकडे नेलेले दगडी पूलहि पुढें कोसळले. पण एक तत्त्व मात्र त्या खडकांत स्पष्ट कोरलेलें आहे: काम करणाऱ्यानें जपून वागावें, एवढ्यावर विसंबूं नये, धोक्याची जागाच कामाच्या आंखणींतून काढून टाकावी. आजचे सुरक्षाशास्त्रज्ञ हाच क्रम सांगतात. धोका आधीं समूळ नाहींसा करावा; तें न साधल्यास माणूस आणि धोका यांमध्यें आडोसा घालावा; शिरस्त्राण व हातमोजे हे सर्वांत शेवटचे उपाय.

आपल्या काळानें हा क्रम बहुधा उलटा चालविला. भोपाळमध्यें १९८४ च्या डिसेंबरांत हजारों माणसें विषारी वायूनें मेलीं. तेव्हां कोठें १९८७ सालीं कारखाने कायद्यांत दुरुस्ती होऊन धोक्याच्या कारखान्याची जागा आधीं तपासावी व कामगारांस धोक्याची माहिती द्यावी, अशीं कलमें आलीं. आणि वेरूळ ज्या जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांतील वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत ३१ डिसेंबर २०२३ च्या पहांटे हातमोज्यांच्या एका कारखान्यास आग लागली. कामगार आंतच निजले होते. त्यांतील सहा जण दगावले. कारखान्यांत माणसें निजत असतील, तर रात्रीं आग लागल्यास तीं कोणत्या वाटेनें बाहेर पडतील, हा प्रश्न पहिल्या दिवशींच विचारावयाचा असतो.

बडोद्यास सांपडलेल्या शके ७३४ च्या ताम्रपटांत असें वर्णन आहे कीं, हें देऊळ पाहून खुद्द त्याचा कर्ताच, आपल्या हातून हें झालें कसें, म्हणून विस्मित झाला. त्याचें उत्तर थोडेंबहुत त्याच्या पहिल्या दिवसाच्या विचारांत आहे. वाचकांनीं मुलांबाळांसह वेरूळास जावें तेव्हां मूर्ति अवश्य पाहाव्या. पण क्षणभर मान वर करून तो कडाहि पाहावा आणि त्या उंचीवर पहिली छिन्नी लावण्यापूर्वी कोणी तरी किती वेळ नुसतें पाहत उभें राहिलें असेल, हेंहि मनांत आणावें.