जमिनीवर आलेला महासागराचा तळ

रस्त्याच्या एका बाजूला झाडीने भरलेल्या हिरव्या टेकड्या आणि दुसऱ्या बाजूला गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा, जवळजवळ बोडका डोंगर. मधे फक्त एक दरी. पाऊस तोच, हवा तीच. मग हा फरक कशामुळे? कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर १९७३ साली स्थापन झालेल्या ग्रोस मॉर्न राष्ट्रीय उद्यानातले हे दृश्य आहे.

'टेबललँड्स' नावाचा हा बोडका डोंगर पेरिडोटाइटचा आहे. हा खडक भूकवचातला नव्हे, त्याखालच्या प्रावरणातला. त्यात मॅग्नेशियम आणि निकेल भरपूर, कॅल्शियम अगदी कमी; बहुतेक झाडांना ते मानवत नाही. कीटकभक्षक घटपर्णी मात्र तग धरते. (आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्टही प्रावरणातला असाच खडक अंशतः वितळून तयार झाला, म्हणजे हा आपला लांबचा नातलगच!)

पण कित्येक किलोमीटर खोल असणारा खडक डोंगरमाथ्यावर आला कसा? भूखंड आणि सागरतळ जागचे हलत नाहीत असे मानले, तर याचे सरळ उत्तर मिळत नाही. १९६४ साली हॅरोल्ड विल्यम्स यांनी दाखवले, की बेटाच्या दोन्ही कडांना जुने स्थिर प्रदेश आणि मधे घड्या पडलेला पट्टा आहे. १९६६ मध्ये टुझो विल्सन यांनी प्रश्न विचारला : अटलांटिक पूर्वी एकदा मिटून पुन्हा उघडला असेल का? त्या मिटलेल्या महासागराला पुढे 'आयापेटस' म्हटले गेले. तो मिटताना सुमारे ४९ कोटी वर्षांपूर्वीच्या सागरतळाचा एक तुकडा, खालच्या प्रावरणासकट, भूखंडाच्या काठावर ढकलला गेला. तोच टेबललँड्स! १९८७ साली उद्यान जागतिक वारसा यादीत आले, त्यात या पुराव्याचा मोठा वाटा होता.

पर्यटकांची गर्दी मात्र वेस्टर्न ब्रुक पाँडवर असते. हिमनदीने कोरलेली, ६०० मीटरहून उंच कड्यांमधली ही समुद्राची खाडी बर्फाचा भार उतरल्यावर जमीन वर उचलली गेल्याने तुटली. आता तिथे गोड्या पाण्याचे सरोवर आहे.

इथला सर्वांत ठळक प्राणी म्हणजे मूस, आणि तो मूळचा इथला नाहीच! १९०४ साली माणसांनी दोन जोड्या बेटावर आणून सोडल्या. बेटावरचे लांडगे १९३०च्या सुमारास संपले, उद्यानात शिकारीला बंदी. मग मूसांनी फर वृक्षांची कोवळी रोपे इतकी फस्त केली, की जुने वृक्ष पडले तिथे नवे जंगल उभे राहीना. अखेर २०११ पासून उद्यानातच मर्यादित शिकारीला परवानगी द्यावी लागली. ऐकायला विपरीत वाटते, पण मला तरी हा निर्णय बरोबर वाटतो.