धर्मादाय रुग्णालयातील खाट हा उपकार नव्हे

सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोला, गोळीबार भागातले घरकामगार, नाका कामगार आजारपणात आधी महापालिकेच्या वि. ना. देसाई रुग्णालयात जातात. मोठी शस्त्रक्रिया निघाली की प्रश्न पैशाचा होतो. त्या वेळी उपयोगी पडणारा एक कायदा आपल्या वस्त्यांत फारसा माहीत नाही.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना मंजूर केली. त्यानुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. इतर रुग्णांच्या बिलांतील २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त जमा होते. तातडीच्या वेळी अशा रुग्णाकडून अनामत न मागता आधी दाखल करून घ्यायचे, हेही त्यात आहे.

‘फुकट दिले की किंमत राहत नाही,’ असे आपल्याच बैठकांत ऐकू येते. पण या रुग्णालयांना करसवलत मिळते, काहींना जमीनही नाममात्र भाड्याने मिळालेली आहे. त्याला कुणी फुकट म्हणत नाही! आणि हौसेने ऑपरेशन कोण करून घेतो?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मात्र ते ठरलेल्या उपचारांसाठी आणि योजनेतील रुग्णालयांतच मिळते. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च घरावरच पडतो, म्हणून महापालिकेचे दवाखाने सक्षम हवेत. विमा त्यांची जागा घेऊ शकत नाही, असे माझे मत आहे.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. अडारकरांकडे देण्यात आले. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. घरकामगार आजही त्याबाहेर आहेत.

रुग्णालयात जाताना रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवावा. तिथल्या समाजसेवकाला भेटून ‘निर्धन रुग्ण योजना’ असेच नाव घ्यावे. खाट नाही म्हणाले तर लेखी मागावे, आणि ते घेऊन वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार द्यावी.